वांगं परत आलं, भात कधी येणार?

मी समुपदेशक. वजन कमी करायला माझ्याकडे कुणी येत नाही. त्यासाठी आहारतज्ज्ञ आहेत, जिम आहे, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. माझ्याकडे माणसं येतात ती झोप लागत नाही म्हणून, चिडचिड होते म्हणून. मग निघायची वेळ झाली, पर्स खांद्याला अडकवली की दारातून विचारतात, "मॅडम, एवढं सगळं सोडलं तरी वजन हलत नाही. आता आणखी काय सोडू?"

सुनंदाताईंनी मात्र बसल्या बसल्याच पर्समधून डायरी काढली. (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही, लिहायला त्यांची परवानगी आहे.) वय ४४, नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. "घरात कुणी भांडं आपटलं तरी मी अंगावर धावून जाते. हे म्हणाले, कुणाला तरी दाखवून ये."

डायरी रेक्झिनच्या कव्हरची, ठेवीदारांना नवीन वर्षाला वाटतात तसली. आत निळ्या पेनानं नोंदी. संक्रांत, साखर बंद. पाडवा, भात बंद. आखाजी, आंबा नाही. आषाढी, रात्रीचं जेवण बंद. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं वजन, दशांशासकट. एका पानावर पाच आकडे होते, सकाळी ६७.२ आणि रात्री ६८.३.

"दिवसातून पाच वेळा?"

"काटा पलंगाखालीच असतो ना."

तिळगूळ वाटायच्या दिवशी साखर सोडायची आणि आंब्याचा नैवेद्य दाखवायचा त्या दिवशी आंबा, याचं मला हसू येत होतं. पण त्या गंभीर होत्या. मुहूर्त बघून सोडलं होतं.

आकड्यांबद्दल तिथल्या तिथे सांगून टाकलं. दिवसभरात माणसाचं वजन किलो-दीड किलो इकडे-तिकडे होतंच. पाणी प्यालं, मीठ जास्त झालं, पोट साफ झालं नाही, काटा हलतो. भात-पोळी एकदम बंद केली की पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं आणि माणूस हुरळतो. त्यात बरंचसं पाणी असतं. शरीर साखरेचा जो साठा करून ठेवतं त्यातल्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा संपला की ते जातं. पुन्हा दोन घास भात खाल्ला की परत येतं, आणि आपण म्हणतो, भात अंगाला लागतो.

समुपदेशक म्हटलं की ही बाई 'आहे तशी छान आहेस' म्हणून पाठवणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नव्हतं. पाच फूट एक इंच उंचीला सुरुवातीचे ७१.४ किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३०च्या जवळ. आपल्याकडे २३च्या पुढे जास्त वजन धरतात, २५च्या पुढे लठ्ठपणा. त्यांच्या वडिलांना मधुमेह, आणि जानेवारीत त्यांचं स्वतःचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आलेलं. ५.७ ते ६.४ ही उंबरठ्यावरची पायरी. त्यांच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, '५ किलो कमी करा.' त्या पाच किलोंना आधार आहे. अमेरिकेत अशाच उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७१ किलोचे ७ टक्के म्हणजे पाचच किलो.

डायरीत आषाढातलं पान उघडलं तर ६६.२ लिहिलेलं.

"अहो, हे तर झालं होतं. मग थांबला का नाहीत?"

"मला ५५ करायचंय."

"५५ कुणी सांगितलं?"

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लग्नात होते." आणखी थोड्या वेळानं खरं बाहेर आलं. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात कुणीतरी जुना अल्बम काढला, आणि वन्सं म्हणाल्या, "ही अल्बमातली तू आणि ही तू, दोन वेगळ्या बायका वाटतात गं." सगळे हसले. त्याही हसल्या. डॉक्टरांचे पाच आणि वन्सांचे सोळा. डायरी चालली होती वन्सांच्या हिशोबानं.

पानं उलटताना गणपतीच्या आठवड्यात दोन पानांची नुसती मुळं दिसली, फाडलेली. मी बोट ठेवलं. त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं. एकवीस मोदक नैवेद्याचे, वर घरच्यांसाठी, सगळे त्यांनी एकटीनं केले. दिवसभर एकही तोंडात टाकला नाही. "आई म्हणाल्या, प्रसादाला नाही म्हणू नये. मी म्हटलं, माझं डाएट आहे." रात्री साडेबाराला ओट्यापाशी, दिवा न लावता (बाहेरच्या खोलीत सासूबाई झोपतात), डब्याचं झाकण आवाज होऊ नये म्हणून पदरात धरून, उभ्यानं मोदक खाल्ले. "सात की आठ, मोजले नाहीत. चवसुद्धा आठवत नाही मला." पुढचे दोन दिवस फक्त लिंबूपाणी. आणि पानं फाडली.

याला त्या 'माझा मनावर ताबाच नाही' म्हणत होत्या. मला तसं वाटत नाही. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर उपासमारीतून उठणाऱ्यांना कसं खाऊ घालायचं हे शोधायचं होतं, आणि ही मुलं स्वखुशीनं आली होती. दिवसाला साधारण १५००-१६०० कॅलरी मिळायच्या. आज बायकांच्या हातात १२००चे तक्ते सर्रास दिसतात. ती मुलं धडधाकट, मुळात सडपातळ, आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालायची, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. तरी पुढे जे झालं ते मी बऱ्याच जणींना सांगते. ही मुलं चिडकी झाली. थट्टामस्करी बंद झाली. लोकांत मिसळेनाशी झाली. आणि ज्यांनी आयुष्यात कधी कढई हातात धरली नव्हती ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले.

सुनंदाताई एकदम माझ्याकडे वळल्या. "मी रात्री एक-एक वाजेपर्यंत रेसिपीचे व्हिडिओ बघते. करत काहीच नाही. नुसतं बघते."

जाताना मी एकच काम दिलं. डायरीत जे सोडल्याच्या तारखा आहेत, त्यांच्या समोरच्या कोऱ्या पानावर त्याबरोबर आणखी काय सुटलं ते लिहून आणायचं. खाण्याचं सोडून.

पुढच्या वेळी दीड पान भरून आलं. साखर सोडली त्या ओळीसमोर: 'आईंबरोबरचा पाचचा चहा.' ऑफिसातून आल्यावर दोघी गॅलरीत बसून अर्धा-अर्धा कप घ्यायच्या, दिवसभराचं बोलायच्या. आता आई टीव्हीसमोर एकट्या घेतात. भातासमोर: 'ताटावर बसणं.' घरातलं जेवण भातानं संपतं. भात खायचा नाही तर बसायचं कशाला, म्हणून त्या सगळ्यांना वाढतात आणि स्वतः नंतर ओट्यापाशी काकडी खातात. तिथेच मागे पातेल्यात उरलेली भाजी, मुलीच्या ताटातली अर्धी पोळी. ते टाकवत नाही. त्याची नोंद डायरीत कुठेच नव्हती. आंब्यासमोर: 'माहेर. मे महिन्यात एकच रात्र राहिले, आई आग्रह करते म्हणून.' मग भिशी. मग रविवारी सकाळी तिघांनी मिसळ खायला जाणं. आता बाप-लेक जातात.

हे वाचून दाखवताना त्यांचा आवाज कोरडाच होता, किराण्याची यादी वाचावी तसा. मला वाटतं वजन उतरवायला माणसं जे सोडतात ते असं असतं. नाव पदार्थाचं असतं आणि जातो तो एखादा माणूस, एखादी वेळ. काटा ते मोजत नाही.

सोडणं आपल्याला नवीन नाही. माझी आजी काशीला जाऊन पडवळ सोडून आली होती. काशीला आवडती वस्तू सोडायची असते. आजीला पडवळ कधीच आवडत नव्हतं, हे विश्वेश्वर सोडून सगळ्यांना माहीत होतं. पण आपल्या बहुतेक सोडण्याला हद्द घातलेली असते. 'उपास सोडला' म्हणजे आपण जेवलो, 'भात सोडला' म्हणजे जेवलो नाही, आणि ही दोन सोडणी आपल्या भाषेत एकाच क्रियापदानं सांभाळली आहेत. एकादशीला द्वादशीचं पारणं आहे. डाएटला पारणं कुठाय? त्याला फक्त 'चीट डे' आहे. तो शब्द मला मुळीच आवडत नाही. जेवायला बसलं की आपण कुणाची तरी फसवणूक करतोय, असं वाटत राहावं यासाठीच तो केलाय जणू.

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या स्वतःच तिथे पोचल्या. त्यांच्या घरी चातुर्मास पाळतात. आषाढात कांदेनवमीला कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ पोटभर खायचं आणि मग कांदा, लसूण, वांगं बंद. सासूबाई अजूनही कडक पाळतात, आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगं पुन्हा सुरू करतात. चंपाषष्ठीनंतरच्या भेटीत सुनंदाताई आल्या त्या बसायच्या आधीच म्हणाल्या, "काल आईंचं वांगं परत आलं. जवळजवळ पाच महिने सोडलं होतं, काल चवीनं खाल्लं, आणि विषय संपला. माझा भात कधी येणार, मॅडम?"

मी म्हटलं, तारीख तुम्ही ठरवा.

भात मात्र लगेच आला नाही. आधी पाचचा चहा आला, बिनसाखरेचा. साखर त्यांना खरंच नको होती. आहाराचा भाग माझा नाही, म्हणून एका आहारतज्ज्ञ मैत्रिणीकडे पाठवलं आणि डॉक्टरांकडून थायरॉइड तपासून घेतलं. या वयात ते बघायलाच हवं. मैत्रिणीनं भात बंद केला नाही, वाटी ठरवली. डाळ-उसळ वाढवली, आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचा व्यायाम दिला. माझी अट एकच होती, जे खायचं ते बसून, ताटात घेऊन, दिव्याखाली. रात्रीचं जेवण परत आल्यावर महिन्याभरात ओट्यापाशी खाणं आपोआप कमी झालं. बंद झालं म्हणणार नाही. लग्नसराईत दोनदा झालं. या वेळी पान फाडलं नाही, 'रात्री लाडू ४' असं लिहिलं.

हे इतकं सरळ गेलं नाही, कारण मधे एक गोष्ट निघाली. ती त्यांनी पहिल्या दिवशी सांगायला हवी होती, पण बहुधा तिच्यासाठीच त्या आल्या होत्या. मुलीचा डबा शाळेतून भरलेला परत येत होता. दिवाळीत ती म्हणाली होती, "मला पण भात नको. तू कुठे खातेस?" पलंगाखालचा काटा सरकलेला त्यांना दोनदा सापडला. सांगताना पहिल्यांदा रडल्या. मी त्यांना धीर देत बसले नाही. त्याच आठवड्यात मुलीला आधी डॉक्टरांकडे आणि मग माझ्याकडे घेऊन या म्हटलं. पंधराव्या वर्षी डबे परत येणं, घरच्यांसोबत जेवायचं टाळणं, पाळी लांबणं यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नसते. काटा त्या दिवशीच पतसंस्थेच्या लॉकरमध्ये गेला. त्यांचीच कल्पना. आता त्या आठवड्यातून एकदा, सोमवारी, ऑफिसात वजन करतात, शिपाई हसतो म्हणतात.

मार्चमध्ये वजन ६६.८ होतं आणि एचबीए१सी ५.८. पंचावन्नाचा आकडा अधूनमधून डोकं वर काढतो, विशेषतः कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की. भिशीत त्या परत गेल्या नाहीत. म्हणाल्या, तसंही मला तिथे कंटाळाच यायचा. रविवारच्या मिसळीचं बिनसलं ते बिनसलंच. नवऱ्यानं मधल्या काळात सकाळचा मित्रांचा कट्टा धरला, तो आता सुटत नाही.

मुलगी अजून येते, दर पंधरा दिवसांनी. मोजकं बोलते. परवा आपणहून सांगितलं, डब्यात मेथीचे पराठे होते, दोन खाल्ले आणि एक मैत्रिणीला दिला. मैत्रिणीला का दिला, हे मी विचारलं नाही.