जडवाद की भौतिकवाद?

अमळनेरहून तत्त्वज्ञान शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या देह-मन द्वैतावर, म्हणजे देह आणि मन ही दोन निराळी द्रव्ये आहेत या मतावर, टीका करणाऱ्यांना एका पुस्तकात ‘जडवादी’ आणि दुसऱ्यात ‘भौतिकवादी’ म्हटले आहे. उत्तरपत्रिकेत कोणता शब्द लिहावा?

दोन्ही शब्द एकाच अर्थाने, म्हणजे जे आहे ते सारे भौतिक द्रव्यच असे मानणाऱ्या मतासाठी, रूढ आहेत, तरी या वादापुरता मी ‘जडवाद’ टाळतो. जड म्हणजे अचेतन. पसरलेले, विचारशून्य द्रव्य एकीकडे आणि विचार करणारे मन दुसरीकडे, ही वाटणी खुद्द देकार्तची. तेव्हा टीकाकाराला जडवादी म्हटले, की जे त्याला मुळातच अमान्य आहे तेच त्याच्या नावात जाऊन बसते. ‘मी विचार करतो’ एवढ्यावरून विचार करणारी वस्तू शरीररूप नाही असे ठरत नाही, हा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचा आक्षेप १६४१ मधला आहे. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ काही भौतिकवादी नव्हे, पण अशरीरी आत्मा शरीराला हलवतो कसा, असे तिने १६४३ मध्ये देकार्तला पत्राने विचारले आणि त्याचे उत्तर न पटल्यावर, त्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे, म्हणजे तो जागा व्यापतो, हे मानणे मला सोपे वाटते, असे कळवले. पुढे अठराव्या शतकातल्या ला मेत्री या फ्रेंच भौतिकवाद्याने तर द्रव्य स्वतः हलते आणि त्याला संवेदना असू शकते, असेच मांडले. अशा द्रव्याला जड कोण म्हणेल?

शिवाय आपल्याकडे जड-चेतनाची रेघ वेगळ्या जागी आहे. सांख्यांच्या मते मन आणि बुद्धी दोन्ही प्रकृतीची, म्हणजे जडाच्याच बाजूची. चेतन तो फक्त पुरुष, म्हणजे आत्मा.

‘भौतिकवाद’ही निर्दोष नाही. व्याख्यानांत तो पैशाच्या हव्यासाला सर्रास वापरतात. तरी त्यातले ‘भूत’ चार्वाकांच्या चार महाभूतांशी नाते सांगते आणि त्या भूतांपासूनच चैतन्य उपजते असे ते मानत, म्हणून उत्तरपत्रिकेत हाच शब्द लिहावा.

देकार्तचा आणखी एक टीकाकार, ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल, याला मात्र यांपैकी कोणतेही नाव देऊ नये. मन की द्रव्य हा प्रश्नच चुकीचा आहे, असे त्याने १९४९ मध्ये लिहिले. भाषेच्या ठेवणीमुळे आपण फसतो, हा त्याचा मुद्दा अहिराणीत चटकन दिसतो. आपल्याकडे ‘मनं’ म्हणजे ‘माझं’. ‘मनं आंग दुखी ऱ्हायनं’ म्हणताना अंगाचा कोणी निराळा मालक आहे असे वाटते खरे, पण त्याच हिशेबाने ‘मनं मन’ म्हटल्यावर मनालाही आणखी एक मालक शोधावा लागेल.