हातपाय नसलेला आयरिश जमीनदार आर्थर कॅव्हनॉ पुण्यात नोकरीला होता का? मग जहागीर त्याला कशी मिळाली?

हो, होता, आणि दोन्ही थोरले भाऊ मुलंबाळं न होता वारले म्हणून कार्लो परगण्यातल्या बॉरिसची जहागीर 1853 मध्ये त्याच्याकडे आली. ब्रिटिश राष्ट्रीय चरित्रकोशात हा क्रम दिलेला आहे.

आर्थर मॅकमरो कॅव्हनॉचा जन्म 25 मार्च 1831 चा. वडील थॉमस हे खासदार, आई लेडी हॅरिएट ही क्लॅनकार्टीच्या अर्लची मुलगी. मुलाला घोड्यावर बसवण्याचा आणि चित्रकला शिकवण्याचा आग्रह तिचाच, आणि माझ्या मते त्याच्या पुढच्या आयुष्याचं खरं श्रेय तिला जातं. खुर्चीसारख्या खोगिराला त्याला पट्ट्यांनी बांधत. लगाम तो दंडाच्या खुंटांनी सांभाळायचा. 1849 मध्ये तो थोरला भाऊ थॉमस याच्यासोबत रशिया, इराणमार्गे हिंदुस्थानात आला. 1851 मध्ये थॉमस क्षयाने गेला आणि आर्थर जवळपास निष्कांचन उरला. तेव्हा त्याने औरंगाबाद भागात घोड्यावरून सरकारी टपाल पोचवलं, नंतर पुणे जिल्ह्याच्या सर्व्हे खात्यात काम केलं. 1853 मध्ये मधला भाऊ चार्ल्सही वारला.

1855 मध्ये नात्यातल्याच फ्रान्सिस लेथलीशी लग्न झालं. सात मुलं झाली. 1866 ते 1880 तो खासदार होता. 25 डिसेंबर 1889 ला लंडनमध्ये वारला.

मात्र ‘हातपाय नसलेला’ हे अगदी शब्दशः घेऊ नका: दंड आणि मांड्यांचे आखूड खुंट होते, म्हणूनच घोडेस्वारी जमली.