पोहता येत नाही, शाकाहारी आहे. परदेशी प्रवाशांच्या ग्रुपबरोबर नेपाळमधल्या सुनकोशीवर राफ्टिंग-कॅम्पिंगला जावं का?

जा, पण पोहता येत नाही हे पैसे भरण्याआधी आयोजकांना कळवा आणि नदीवर उतरण्यापूर्वी गाईडलाही स्वतः सांगा. वेगवेगळ्या देशांतल्या अनोळखी माणसांसमोर हे बोलायला संकोच वाटतो आणि लोक गप्प बसतात. गाईडला ठाऊक असेल तर तो तुम्हाला राफ्टच्या मधल्या जागेवर बसवतो आणि सोबतच्या कयाकवाल्याला (एकट्याने वल्हवायच्या छोट्या होडीतल्या मदतनीसाला) तुमच्यावर नजर ठेवायला सांगतो.

दोलालघाट ते चतरा हा सुमारे 270 किलोमीटरचा प्रवाह, बहुतेक ग्रेड 3 ते 4 चा (ग्रेड म्हणजे पाणी किती खडतर ते सांगणारी 1 ते 6 ची श्रेणी). पावसाळा सरल्यावर लगेच, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाणी जास्त असतं आणि तीच नदी बरीच आडदांड वाटते. न पोहणाऱ्याने नोव्हेंबर निवडावा. तेव्हा पाणी उतरलेलं असतं आणि तंबूला वाळूही जास्त मिळते. त्याआधी कोलाडला कुंडलिकेवर एक फेरी जरूर करा. भिऱ्याला वीजनिर्मिती झाल्यावर सोडलेल्या पाण्यावर सकाळी राफ्टिंग चालतं, नदी सौम्य आहे आणि आज्ञांची सवय होते.

आज्ञा इंग्रजीतच असतात: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाउन, ओव्हर लेफ्ट. ओव्हर लेफ्ट म्हटलं की सगळ्यांनी अंगाचा भार डावीकडे टाकायचा, कारण राफ्ट खडकाला लागून उजवी बाजू पाण्याकडे ओढली जात असते. इथे दोन सेकंदांचा उशीरही महागात पडतो, म्हणून उच्चार कळला नाही तर सरावातच पुन्हा विचारा. वल्ह्याच्या टोकाची टी आकाराची मूठ कधीही सोडू नका. सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते.

लाइफ जॅकेट घातल्यावर कुणाला तरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे. पाण्यात पडलात तर पाठीवर राहा, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याबाहेर. श्वास दोन लाटांमधल्या खळग्यात घ्या, लाटेच्या माथ्यावर तोंड उघडलं तर पाणीच आत जातं. वाहत्या पाण्यात उभं राहू नका: पाय खडकाच्या फटीत अडकला की मागून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवून तोंड खाली दाबतं, आणि हे कमरेएवढ्या पाण्यातही होतं. फेकलेली दोरी छातीशी धरून खांद्यावरून घ्या, मनगटाला गुंडाळू नका.

तरीही अशा सहली लाटांपेक्षा पोटामुळे जास्त बिघडतात. सगळे एकाच भांड्यातून वाढून घेतात, एकाच खड्ड्याच्या संडासाला जातात. एकाला जुलाब लागले की दोन दिवसांत निम्मा ग्रुप आडवा. जेवणाच्या रांगेआधी साबणाने हात धुवा, मग जंतुनाशकाच्या बादलीत बुडवा, आणि दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावू नका. ओआरएसची दहा-बारा पाकिटं स्वतःजवळ ठेवा. जेवणाबद्दल नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणू नका; अंडं चालत नाही, मटणाच्या रश्शातली भाजी वेगळी काढून चालणार नाही, असं स्पष्ट लिहून द्या. डाळ-भात रोज मिळेलच.

कपडे सुती नकोत, जीन्स तर अजिबातच नको: भिजल्यावर सुकत नाहीत आणि थंडी भरते. पायात टाचेला पट्टा असलेले सँडल, चष्म्याला दोरी. ड्राय बॅग (पाणी आत न शिरणारी पिशवी) दोन-तृतीयांशच भरा, हवा काढा आणि तोंड किमान तीनदा गुंडाळून क्लिप लावा. ठासून भरलेली बॅग गळतेच.

वाळूत तंबूचे साधे खुंटे धरत नाहीत. काठी किंवा दगड दोरीला बांधून हातभर खोल पुरा. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवा. वर कुठे पाऊस पडला तर रात्रीत पाणी किती चढलं ते कळतं. तंबू त्याच्या बराच वर.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना मूळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. विमा घेताना पॉलिसीत व्हाइट वॉटर राफ्टिंग कोणत्या ग्रेडपर्यंत आहे आणि हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का, हे दोन्ही लेखी मागून घ्या. या नदीचे मधले टप्पे रस्त्यापासून दूर आहेत. चतऱ्याहून काठमांडूला परतायला बसने बराच वेळ जातो, त्यामुळे परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस हाताशी ठेवा.