२२ लाखांची तडजोड आज करावी, की आधी पुनर्वसन?

प्रश्न: माझे पती ३८ वर्षांचे, फॅब्रिकेशनचा स्वतःचा व्यवसाय, प्राप्तिकर विवरणपत्रात महिना ३० हजार उत्पन्न. आठ महिन्यांपूर्वी ट्रकने मागून धडक दिली आणि पाठीच्या कण्याला मार लागला. पोलिसांनी ट्रकचालकावर आरोपपत्र ठेवलंय. पती अजून उभे राहू शकत नाहीत, पण परवा उजव्या पायाचा अंगठा हलवून दाखवला. चौथ्या महिन्यात नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. आता विमा कंपनी लोकअदालतीत २२ लाख द्यायला तयार आहे. पुनर्वसन केंद्र तीन महिन्यांच्या निवासी उपचारांचे २ लाख १० हजार सांगतंय. आमची ३ लाखांची एफडी आहे, बारा तोळे सोनं आहे, माझा पगार १८ हजार. दीर म्हणतात, तडजोड करून प्लॉट घ्या, व्यायाम घरीच करून घेऊ. काय करावं?

उत्तर: ताई, आधी त्या अंगठ्याबद्दल बोलू. मी डॉक्टर नाही, पण अशा बऱ्याच कुटुंबांचे हिशेब मी पाहिलेत. मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नसेल, तर सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या वर्षभरात पदरात पडतो. तुमचे आठ महिने गेलेत. म्हणून तुमच्यासमोरचा पहिला निर्णय २२ लाखांचा नाही, २ लाख १० हजारांचा आहे, आणि तो याच आठवड्यात घ्यायला हवा.

एफडी मोडा. दावा मिटेपर्यंत उपचार थांबवू नका. एफडीतून ९० हजार उरतील. घरखर्चाला ते कमी पडले तर सोन्याचा काही भाग तारण ठेवा, विकू नका. केंद्राचा खर्च झेपणारा नसेल, तर मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथेही चौकशी करा. घरचे व्यायाम वाईट नसतात. पण लघवीचं व्यवस्थापन, बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टाळणं, खुर्चीतून पलंगावर स्वतः सरकणं हे शिकवणारं माणूस घरी मिळत नाही. बेडसोर चिघळला की एका शस्त्रक्रियेत केंद्राची अख्खी फी निघून जाते.

आता २२ लाख. हा आकडा कितपत पुरेसा आहे, ते पाहू. पतींच्या विवरणपत्रात महिना ३० हजार उत्पन्न आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या प्रणय सेठी निकालात भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरले आहेत. झाले ५ लाख ४ हजार. वय ३६ ते ४० असेल तर २००९ च्या सरला वर्मा निकालानुसार गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, १५. म्हणजे कमाईची क्षमता पूर्ण गेली असं धरलं तर ७५ लाख ६० हजार. कंपनीचे २२ लाख म्हणजे त्याचे जेमतेम २९ टक्के, आणि त्यातच पुढचा औषधोपचार, मदतनीस, वेदनेची भरपाई, सगळं आलं!

इथे एक गोष्ट वकिलांना नक्की विचारा. प्रमाणपत्रावरची दिव्यांगत्वाची टक्केवारी आणि कमाई बुडण्याची टक्केवारी एक नसते. २०१० च्या राजकुमार वि. अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण दिलंय: डावा हात गेलेल्या सुताराची कमाई जवळपास सगळीच बुडते, सरकारी कारकुनाची कदाचित काहीच नाही. शिडीवर चढून वेल्डिंग करणाऱ्या माणसाचे पाय म्हणजे त्या सुताराचा हातच. मदतनिसाचा खर्चही वेगळा मागता येतो. महिना ८ हजार धरले, तरी १५ च्या गुणकाने १४ लाख ४० हजार होतात.

लोकअदालतीत सही केली की तो निवाडा अंतिम. त्यावर अपील नाही. पुढच्या वर्षी दुसरी शस्त्रक्रिया लागली, तरी कंपनीकडे परत जाता येणार नाही. उलट आज नाही म्हणालात तर काही हरत नाही. प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात परत येतं, आणि राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून अनेकदा भरते. थांबण्याचं व्याजही मिळतं, दावा दाखल केल्याच्या तारखेपासून. न्यायाधिकरणं ते साधारण ६ ते ९ टक्के देतात.

थांबण्यात धोका नाही असं मी म्हणणार नाही. निकालाला वर्षं लागू शकतात, कंपनी उच्च न्यायालयात जाऊ शकते, साक्षीत उत्पन्न कमी ठरू शकतं. म्हणून तडजोडीला माझा विरोध नाही, आत्ताच्या तडजोडीला आहे. उपचारांनंतर प्रकृती स्थिरावून कायमचं दिव्यांगत्व ठरलं आणि कंपनी ५० लाखांच्या वर आली, तर मी तुम्हाला घ्या म्हणेन, कारण लांबलेल्या अनिश्चिततेपेक्षा हातातली रक्कम मोलाची.

आणखी एक सावधगिरी. 'तुम्हाला लगेच अडीच लाख मिळवून देतो' म्हणणारा कोणी भेटला तर थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला २.५ लाख मिळतात खरे, पण कलम १४९ च्या, म्हणजे विमा कंपनीने थेट देऊ केलेल्या तडजोडीच्या, पद्धतीने ते स्वीकारले की तुमचा मुख्य दावा संपतो. केंद्राची फी त्यातून निघेल हे दिसायला सोपं आहे. पण ७५ लाखांच्या दाव्यावर पाणी सोडावं लागेल.

बिलं जपा, हे सगळेच सांगतात. मी जरा वेगळं सांगतो. औषधाच्या दुकानातली आणि रुग्णवाहिकेची गुळगुळीत कागदावरची पावती काही महिन्यांत कोरी होते. माझ्याकडे एक गृहस्थ प्लास्टिकची पिशवी भरून पावत्या घेऊन आले होते, निम्म्यांवर अक्षर दिसत नव्हतं. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मूळ पावतीमागे पेनाने तारीख आणि रक्कम लिहा. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून नोंदणी क्रमांकासह पावती मागा, मदतनिसाचा पगार खात्यातून द्या. रोखीने दिलेला पैसा न्यायाधिकरणासमोर सिद्ध करणं कठीण जातं.

प्लॉटचं दिरांना मी समजावेन असं कळवा. भाडं न देणारा प्लॉट मदतनिसाचा पगार भागवत नाही. पुढे रक्कम आली, तर बराचसा भाग वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवींत ठेवून मासिक व्याज घेता येईल, न्यायाधिकरणं स्वतःही असा आदेश देतात. मात्र उपचारांसाठी लागणारा भाग खुला ठेवण्याची विनंती वकिलांमार्फत त्याच वेळी करा.

सोमवारी केंद्राला फोन करून खाट कधी रिकामी होते ते विचारा. दाखल करताना आणि सोडताना डॉक्टरांकडून लेखी घ्या: आज काय जमतं, पुढे किती काळ थेरपी लागेल, चाकाची खुर्ची किती वर्षांनी बदलावी लागेल, अंदाजे खर्च किती. त्याची एक प्रत वकिलांना द्या. पुढच्या तारखेला २२ लाखांवर चर्चा सुरू झाली की तोच कागद टेबलावर ठेवायचा.