पेठेतली शाळा की नऱ्ह्यातली?

प्रश्न : आम्ही नऱ्हे येथे राहतो. आमची मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. माझे यजमान हिंजवडीला नोकरी करतात आणि मी शिवाजीनगरला. घरी सासरे असतात. त्यांचे वय 69 आहे आणि गुडघेदुखीमुळे त्यांनी स्कूटर चालवणे सोडले आहे. यजमानांचे बालपण नारायण पेठेत गेले. शेजारच्या सदाशिव पेठेतील ज्या शाळेत ते शिकले, तिथेच मुलीने शिकावे अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे. ती शाळा नावाजलेली आहे, मात्र घरापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे आणि व्हॅनवाल्या काकांशिवाय पर्याय नाही. दुसरीकडे, घरापासून जेमतेम एक किलोमीटरवर सेमी-इंग्रजी शाळा आहे. ती नवी आहे, मैदान बेताचे आहे आणि तिचे नाव सांगितले की नातेवाईक ‘ही कुठली?’ असे विचारतात. नवले पुलाच्या बातम्या वाचून माझा जीव धास्तावतो. मी उगाच घाबरते आहे का?
– एक वाचक, नऱ्हे

उत्तर : तुमची धास्ती उगाच नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यापासून नवले पुलापर्यंत महामार्गाला सलग उतार आहे. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर टाकण्याची काही चालकांची सवय आणि तापलेले ब्रेक यांमुळे त्या उतारावर अवजड वाहनांचा ताबा सुटण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. नोव्हेंबर 2022 मध्ये एकाच अपघातात चाळीसहून अधिक वाहनांना धडक बसली होती. नऱ्ह्यातून शहरात जायचे म्हणजे हा महामार्ग ओलांडावा लागतो किंवा त्याच्या सेवा रस्त्याने जावे लागते, आणि तुमच्या मुलीला ते वर्षातून दोनशेहून अधिक दिवस, दिवसातून दोनदा करावे लागेल.

तरीही माझ्या दृष्टीने अपघाताची शक्यता हा या निर्णयातला एकच धागा आहे आणि तो सर्वांत जाड धागा नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की भर दुपारी शाळेतून ‘मुलीला ताप आला आहे, घेऊन जा’ असा फोन आला, तर तिच्यापर्यंत वीस मिनिटांत कोण पोहोचेल? पेठेतल्या शाळेच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे आहे. तुम्ही शिवाजीनगरहून निघालात तरी कामातून सुटणे, गाडी काढणे आणि पेठेत ती लावायला जागा शोधणे यात पाऊण तास सहज जाईल. हिंजवडीहून येणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. जवळच्या शाळेत मात्र सासरे रिक्षाने दहा मिनिटांत पोहोचतील. 25 जुलै 2024 रोजी मुसळधार पाऊस आणि खडकवासल्यातून सोडलेले पाणी यांमुळे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले, त्या दिवशी शाळांना सुट्टी जाहीर झाली होती. असा पाऊस शाळा भरल्यानंतर सुरू झाला, तर दांडेकर पुलापासून धायरी फाट्यापर्यंत व्हॅन कुठे आणि किती वेळ अडकेल याची खात्री व्हॅनवाले काकाही देऊ शकणार नाहीत.

आता यजमानांच्या आग्रहाविषयी. तो मला समजतो, कारण आपल्या शाळेविषयीचे पुणेकराचे प्रेम हा काही वादाचा विषय नाही. पण ते त्या शाळेत जात होते, तेव्हा ती त्यांची घराजवळची शाळा होती, एवढी एक गोष्ट त्यांना शांतपणे आठवून पाहायला सांगा. नारायण पेठेतून ते चालत जात असतील, वर्गातली निम्मी मुले आसपासच्या वाड्यांमधली असतील आणि शाळा सुटल्यावर हीच मुले त्यांना खेळायला भेटत असतील. त्यांना जे मिळाले त्यातला मोठा वाटा शाळेच्या नावाइतकाच त्या जवळिकीचा होता, आणि तोच वाटा नऱ्ह्याहून व्हॅनने जाणाऱ्या मुलीला मिळणार नाही. तिच्या मैत्रिणी शनिवार पेठेत, बिबवेवाडीत आणि कोथरूडमध्ये राहतील. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात ती ज्यांच्याशी खेळेल, त्यांच्या शाळेच्या गप्पांत तिला स्थान नसेल. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतही पहिली ते पाचवीसाठी शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी हे सूत्र धरले आहे, ते काही कागदाची शोभा वाढवण्यासाठी नव्हे.

म्हणून माझा कल जवळच्या शाळेकडे आहे, पण डोळे मिटून नाही. ‘जवळ’ म्हणजे ‘सुरक्षित’ असे आपोआप होत नाही. नऱ्हे 30 जून 2021 रोजी महापालिकेत आले. मात्र तेथील अनेक रस्ते अजून गावच्या रुंदीचेच आहेत, पदपथ सलग नाहीत, आणि सकाळच्या वेळी पाण्याचे टँकर, कारखान्यांचे टेम्पो व महाविद्यालयात निघालेल्या मुलांच्या दुचाकी एकाच वेळी त्या रस्त्यांवर असतात. तेव्हा कामाच्या दिवशी, शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या नेमक्या वेळी, सासऱ्यांना बरोबर घेऊन तो एक किलोमीटर चालून पाहा. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावरून काढलेला अंदाज सोमवारी उपयोगाला येत नाही. मुलीला कुठे हात धरावा लागेल, कुठे रस्ता ओलांडावा लागेल, पावसाळ्यात कुठे तळे साचते आणि सासऱ्यांचा गुडघा कुठे बोलू लागतो, हे त्या फेरीत कळेल. त्यांना एवढे चालणे झेपणार नसेल, तर ओळखीचा रिक्षावाला किंवा त्याच शाळेत पाल्य असलेली शेजारीण, अशी सोय जूनपूर्वीच ठरवून ठेवा. दुचाकीवरून सोडणार असाल, तर चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट बंधनकारक आहे. अंतर एक किलोमीटरच आहे, ही सबब कायद्याला आणि डांबरी रस्त्यालाही चालत नाही.

शाळेत गेल्यावर रंगवलेल्या भिंती आणि संगणक कक्ष दाखवला जाईलच. तो पाहून घ्या आणि पुढे चला. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी पंधरा मिनिटे उभे राहिलात, तर त्या शाळेविषयी माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल. मूल कोणाच्या हाती दिले जाते, ओळखपत्र पाहिले जाते की ‘मी हिचा काका’ एवढे सांगून भागते, घ्यायला कोणी उशिरा आले तर मूल कुठे आणि कोणाजवळ बसते, हे पाहा. शाळेला शासनाची मान्यता आहे का आणि तिचा अकरा अंकी युडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक, कोणता, हे विचारायला संकोच करू नका. नव्या शाळेच्या बाबतीत तर हे अवश्य विचारावे. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांबाबत राज्य शासनाने ऑगस्ट 2024 मध्ये शाळांना स्पष्ट आदेश दिले आहेत. मात्र कॅमेरे बसवले आहेत का, यापेक्षा त्यांचे चित्रण कोण आणि कधी पाहते, हा प्रश्न अधिक कामाचा आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असणाऱ्या सखी सावित्री समितीत कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली, हेही विचारा. उत्तर देताना मुख्याध्यापक चाचरले तर त्यातून कळायचे ते कळते. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा पाणी टँकरचे की नळाचे आणि टाकी केव्हा धुतली, हा प्रश्न तुमच्या भागात कोणालाही आगाऊपणाचा वाटू नये. मैदान लहान आहे, हे वैगुण्य खरेच आहे. शिक्षक दोन वर्षांहून अधिक काळ टिकले आहेत का, याचा शोध घ्या. ते टिकत नसतील, तर मात्र मी माझे मत बदलेन.

एवढे पाहूनही पेठेतलीच शाळा ठरली, तर व्हॅनची पाहणी स्वतः करा. भाड्याने चालणाऱ्या वाहनाची नंबरपाटी पिवळी असते. पांढरी पाटी दिसली तर ते वाहन खासगी आहे, आणि काका कितीही प्रेमळ असले तरी त्या वाहनातून मुलांची ने-आण कायद्याला धरून नाही. गॅसच्या टाकीवर फळी टाकून मुलांना बसवले जाते का, ते मागचे दार उघडून पाहा. महाराष्ट्रात स्कूल बससाठी 2011 चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. ‘व्हॅनशी आमचा संबंध नाही’ असे शाळेने म्हटले, तर या समितीविषयी विचारा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा शासनाचा फेब्रुवारी 2024 चा निर्णय आहे, परंतु दोन सत्रांत चालणाऱ्या काही शाळांची अडचण असते. तेव्हा मुलीचे सत्र कोणते, हे प्रवेशाआधी लेखी घ्या.

आणि सासऱ्यांना व यजमानांना हेही सांगा की पेठेतल्या शाळेचे दार कायमचे बंद होत नाही. पुण्यातील अनेक जुन्या संस्थांमध्ये प्राथमिक व माध्यमिक शाळा वेगळ्या असून पाचवीला नव्याने प्रवेश दिले जातात. तोवर मुलगी दहा वर्षांची होईल आणि तिचे मतही विचारता येईल.

प्रश्न : माझा नातू नववीत आहे. आम्ही संत तुकारामनगरला राहतो आणि त्याची शाळा शिवाजीनगरला आहे. शाळेची बस बंद झाल्याने तो मेट्रोने एकटा जातो म्हणतो. त्याचे आईवडील तयार आहेत, माझे मन तयार होत नाही.
– एक आजी, पिंपरी

उत्तर : आजी, जाऊ द्या त्याला. नववीतल्या मुलासाठी मेट्रो हा या शहरातला सर्वांत बिनघोर प्रवास आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून तुमच्या स्थानकातून शिवाजीनगरला गाडी न बदलता जाता येते आणि विद्यार्थी कार्डावर तिकिटात 30 टक्के सवलतही मिळते. काळजी करायचीच असेल, तर शिवाजीनगरच्या भुयारी स्थानकातून वर आल्यानंतर शाळेच्या फाटकापर्यंतच्या रस्त्याची करा. पहिले चार दिवस त्याच्या बाबांना बरोबर पाठवा, स्थानकाच्या कोणत्या दाराने बाहेर पडायचे आणि रस्ता कुठे ओलांडायचा हे ठरवून द्या, आणि शाळेत पोहोचल्यावर फोन बंद करण्यापूर्वी त्याने तुम्हालाच एक संदेश पाठवावा, अशी अट घाला.