'मोहमयी'तला मोह मागून आला

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचक बाईंनी विचारले आहे: मुंबईला 'मोहमयी' म्हणतात ते सिनेमामुळे का? आणि 'मोहमयी शहर' लिहिलेले चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी, कारण त्यानेच डोके उठते. चालणार नाही. 'मय' हा प्रत्यय, पाणिनीचा मयट्. त्याचे स्त्रीलिंग 'मयी'. नगरी मोहमयी, शहर मोहमय. पात्र मृण्मय, मूर्ती मृण्मयी. आमच्या बडोद्यातल्या निवेदकांना हा शेवटचा 'ई' 'सरकारी', 'गुजराती' यांतल्यासारखा वाटतो, कुठेही लावा, बदलायचा नाही. म्हणून दर नवरात्रात 'संगीतमयी कार्यक्रम' ऐकावा लागतो. 'संगीतमयी संध्याकाळ' म्हणा हवे तर. संध्याकाळ स्त्रीलिंगी आहे.

आता सिनेमा. त्याचा इथे काही संबंध नाही. जैन तत्त्वचिंतक श्रीमद् राजचंद्र मुंबईत जवाहिराचा व्यापार करत. त्यांच्या गुजराती पत्रांत मुंबईसाठी 'मोहमयी' येते. ते वारले 1901 साली. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला 1913 साली. पडद्यावरच्या झगमगाटाने हे नाव दिले म्हणणाऱ्यांनी आधी ही दोन सालं शेजारी ठेवावीत.

माझ्या मते ही पंडिती कारागिरी आहे. संस्कृतात लिहायला बसलेल्याला 'मुंबई' हा शब्द ओबडधोबड वाटतो. मग काय करायचे? आवाजाचा सांगाडा राखायचा, म–म–ई, आणि मधे एक 'ह' सारायचा. मुंबई, मोमई, मोहमयी. अर्थ फुकटात मिळतो, वर वैराग्याचा उपदेशही होतो! 'मोमई' मी हवेतून काढलेले नाही. कच्छ-सौराष्ट्रात मोमाई माता आहेच, आणि मुंबादेवीशी तिचे नाते जोडणारेही आहेत. म्हणजे मोह आधी आणि नाव नंतर, असे नाही. नाव आधी होते, मोह त्याला चिकटवला.

आपल्या बडोद्याचेही तेच झाले. इ.स. 812 च्या राष्ट्रकूट ताम्रपटात 'वटपद्रक' आहे. पद्र म्हणजे गाव, वडाचे गाव. 'वटोदर', वडाच्या पोटातले शहर, ही मागाहूनची हौस. तरी शाळेत मुलांना पोटच सांगतात. 1974 साली सरकारी नाव 'वडोदरा' झाल्यापासून तर या पोटाला आणखीच बळ आले.

एक मोठी मंडळी अजून सांगतात की 'बॉम्बे' हे पोर्तुगीज 'बॉम बाईया', छान खाडी, यावरून आले. अहो, पोर्तुगीजांना तरी त्यांची भाषा येऊ द्या! 'बाईया' स्त्रीलिंगी, विशेषण 'बोआ' हवे, 'बॉम' पुल्लिंगी. म्हणजे हीही चूक 'मोहमयी शहर' याच जातीची. पोर्तुगीज कागदांत नाव येते ते 'बोंबाईं', शेवटी अनुनासिक. त्यात खाडी कुठून आली? मुंबा आणि आई हेच सरळ आहे.

लावणीला यातले काहीच लागले नाही. पठ्ठे बापूरावांनी मुंबईला सरळ रावणाची दुसरी लंका म्हटले. लंका सुवर्णमयी, आणि ती स्त्रीलिंगी, तेव्हा तिथे 'मयी' बिनदिक्कत लावा.