विजरई : राजाच्या जागी बसलेला

जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्यावरून वर येताना लागणारी ‘व्हाइसरॉयची कमान’ पाहून एका विद्यार्थिनीने विचारले आहे : व्हाइसरॉय म्हणजे उपराजा का? आणि गव्हर्नर म्हणजे तोच की दुसरा?

उपराजा म्हणू नये. ‘व्हाइस चेअरमन’चा आपण उपाध्यक्ष करतो, त्या सवयीने हा ‘उप’ इथे शिरतो. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘च्या जागी’ असा आहे, आणि ‘रॉय’ म्हणजे जुन्या फ्रेंचमधला राजा. राजा स्वतः येऊ शकत नाही तिथे त्याच्या जागी बसतो तो व्हाइसरॉय. ‘राजप्रतिनिधी’ अर्थाला चोख बसतो. त्यातला ‘राज’ मात्र गाळू नये, कारण नुसता ‘प्रतिनिधी’ म्हटले की राजाराम महाराजांनी जिंजीला प्रल्हाद निराजींना दिलेले पद आठवते.

गव्हर्नरचे काम बहुतेक तेच, मान कमी. फ्रान्सिश्कु द आल्मैद १५०५ मध्ये पहिला व्हाइसरॉय झाला, तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे नव्हतासुद्धा. १५१० मध्ये गोवा जिंकणारा आफोंसु द आल्बुकेर्क मात्र गव्हर्नरच होता.

माझा खरा आग्रह पुढचा आहे. गोव्याच्या इतिहासाबद्दल मराठीत लिहिताना इंग्रजीतून आलेला ‘व्हाइसरॉय’ कशाला? जुन्या मराठी कागदपत्रांत ‘विजरई’ आहे. पोर्तुगिजात राजा म्हणजे ‘रेइ’, आणि या पदाचे एक जुने रूप ‘व्हिझोरेइ’. आपल्या कारकुनांनी ते कानाने टिपले आणि मराठी वळणाने लिहिले. गोव्याच्या बारदेश तालुक्यातले रेइश मागुश हे गाव घ्या : रेइश म्हणजे राजे, बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन. तिथला ‘रेइ’ आणि विजरईतला ‘रई’ एकच. असा शब्द घरात असताना दुसरीकडून उसना आणणे मला पटत नाही.

तेव्हा ‘१६८३ साली संभाजी महाराजांनी विजरईला जेरीस आणले’ असे लिहावे. कॅनिंगपासून माउंटबॅटनपर्यंतच्या इंग्रजांना खुशाल व्हाइसरॉय म्हणावे. आणि १९१० नंतरच्या गोव्यात दोन्ही शब्द नकोत : पोर्तुगालचे राजेपदच त्या वर्षी संपले, मग त्याच्या जागी बसणार कोण? १९६१ मध्ये पणजीत होता तो गव्हर्नर जनरल.